नाव नंतर, आधी काम सांगा!

सांगा बघू, फ्लेमिंगोचा गुडघा कुठे असतो?

चित्र डोळ्यांसमोर आणा. लांबलचक, बारीक, गुलाबी पाय आणि पायाच्या बरोबर मध्यावर एक गाठ. तिथेच ना? आणि तिथून पाय चक्क मागच्या बाजूला दुमडतो. म्हणजे या पक्ष्याचा गुडघा उलटा!

अजिबात नाही. ती गाठ म्हणजे त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो आणि तो तुमच्या-माझ्या गुडघ्याप्रमाणे पुढेच वाकतो. पटत नसेल तर आता उभे राहा. टाचा उचलून चवड्यांवर या. टाच हवेत गेली ना? आता टाचेपासून चवड्यापर्यंतचा तुमचा पाय चांगला फूटभर लांब आणि बोटाएवढा बारीक झालाय, असं समजा. झालात फ्लेमिंगो! कावळा, चिमणी, कोंबडी, सगळे पक्षी असेच जन्मभर चवड्यांवर चालतात. फ्लेमिंगोचे पाय लांब आहेत म्हणून आपल्या नजरेत भरतात, एवढंच.

गुडघ्याचं हे प्रकरण उकरून काढलं माझ्या आत्यानं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि आम्ही दोघं भिगवणला पक्षी बघायला गेलो होतो. आत्या पोस्टात होती, सगळी नोकरी काउंटरवर काढलेली. खिडकीशी माणूस आला आणि "मी अमुक तमुक" अशी लांबण लावायला लागला, की ती म्हणायची, "नाव नंतर, आधी काम सांगा." निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण सवय गेली नाही. मी दुर्बिणीतून बघून ऐटीत "तो बघ, शेकाट्या!" म्हणालो, की ती विचारणार, "ते राहू दे. तो करतोय काय?"

सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. पक्षी बघायला जाणाऱ्या मोठ्या माणसांना यादीचं भारी वेड असतं. वहीत नावं वाढली की दिवस सत्कारणी लागला! पण आत्याबरोबर यादी वाढतच नाही, कारण ती एकाच पक्ष्यासमोर ठाण मांडते.

पहाटे अंधारातच पुण्याहून निघालो. सोलापूरच्या रस्त्यानं यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत भिगवण साधारण शंभर किलोमीटर. थंडीत या रस्त्यावर उसानं लादलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत कारखान्याकडे चाललेल्या असतात. त्यांच्या मागे अडकलं की घाई करून उपयोग नसतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. हुरड्याचे दिवस.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या कोरड्या मुलखात पाणपक्षी येतातच कशाला? त्याचं उत्तर आहे उजनी धरण. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेलं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे पसरत पसरत पार पुणे जिल्ह्यात येतं. जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण बोलताना सगळे 'उजनीचं बॅकवॉटर'च म्हणतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही गावं या पाण्याच्या काठावरची. धरण झालं तेव्हा नदीकाठची घरं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की अजूनही वर डोकावतं. शेती बुडालेल्या कितीतरी घरांनी मग मासेमारी धरली. त्यांच्याच होड्यांतून आज आपण पक्षी बघतो.

पावसाळ्यात धरण भरतं. पुढे शेतीला, गावांना पाणी सुटायला लागलं की पातळी हळूहळू उतरते आणि काठचा गाळ उघडा पडतो. माणसाला तो नुसता चिखल दिसतो. पक्ष्यांना तिथे गोगलगायी, किडे, अळ्या, शेवाळ, पाणगवताच्या बिया, असं सगळं वाढून ठेवलेलं दिसतं. धरण तुडुंब राहिलं तर त्या वर्षी फ्लेमिंगो उशिरा येतात. कारण अगदी साधं आहे: पाय पुरत नाहीत! त्यांना पोहता येतं, पण जेवायला उथळ पाणीच सोयीचं पडतं.

होडीवाले दादा आमची वाटच बघत होते. कानटोपी, स्वेटर, हातात वल्हं. आत्याला त्यांनी हात देऊन होडीत घेतलं आणि म्हणाले, "मावशी, मधी बसा. उभं राहायचं न्हाय, आन् जोरात बोलायचं न्हाय." जोरात बोलायचं नाही, हे आत्याला सांगणं सोपं नव्हतं. पण तिनं ऐकलं.

पाण्यावर धुकं होतं. आधी काठाशी शेकाटे दिसले. काळे पंख, पांढरं अंग आणि लालसर गुलाबी पाय. अंगाच्या मानानं इतके लांब पाय पक्ष्यांमध्ये फ्लेमिंगोचे सोडले तर फारसे कुणाचे नाहीत. त्यांच्यामागे राखी बगळा पुतळा होऊन उभा होता. एक कवड्या धीवर, म्हणजे काळा-पांढरा खंड्या, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबला, मग सूर मारला आणि रिकाम्या चोचीनं वर आला. आत्यानं लगेच त्याची बाजू घेतली. "होतं असं. परत जाईल."

मग दादांनी मोटार बंद केली आणि वल्ह्यानं होडी पुढे सारली. समोर फ्लेमिंगो होते. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंख असंही म्हणतात. लांबून हा थवा बराचसा पांढराच दिसतो आणि नवी माणसं जरा हिरमुसतात. चित्रात तर गुलाबी होते! थांबा, गुलाबीचं सांगतो. आधी आत्याचा प्रश्न. "हा काय करतोय?"

थव्याच्या अलीकडच्या कडेला असलेला एक पक्षी आम्ही धरला आणि त्याच्यावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. त्यानं मान खाली सोडली. डोकं पाण्यापर्यंत नेलं. आणि मग ते उलटं केलं! कपाळ खाली, हनुवटी वर. चोचीची वरची बाजू तळाकडे. अशा अवस्थेत तो हळूहळू पुढे चालत होता. मध्येच थांबून एका जागी पाय आपटत होता, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि स्वतःभोवती फिरत होता.

"हा डोकं उलटं करून जेवतो?" आत्या कुजबुजली.

हो. आणि म्हणूनच त्याची चोच इतकी विचित्र, मध्येच वाकलेली असते. आपण जेवताना खालचा जबडा हलवतो. फ्लेमिंगोच्या चोचीचा खालचा भाग मोठा, जाड असतो, वरचा त्या मानानं लहान, आणि तो वरचा भाग त्याला चांगला हलवता येतो. डोकं उलटं केलं की हा वरचा भाग खाली येतो. चोचीच्या आत कडांना बारीक दातेरी पट्ट्यांच्या रांगा असतात. मांसल, जाडजूड जीभ मागे-पुढे सरकून पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते, सेकंदाला कितीतरी वेळा. पाणी जातं, खाऊ आत राहतो. चहाची गाळणीच ती, फक्त तोंडात बसवलेली आणि कधीच न थांबणारी.

इतकं बरेच दिवस माहीत होतं. पण हे गाळणं म्हणजे गोष्टीचा अर्धाच भाग आहे, हे अलीकडे कळलं. २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी चिली फ्लेमिंगो या जातीच्या पक्ष्यांचं जेवण जलद कॅमेऱ्यांनी टिपलं. फ्लेमिंगो पाण्यातलं डोकं झटक्यात वर खेचतो तेव्हा पाण्यात चक्क भोवरा तयार होतो आणि तळाचे बारीक जीव त्यात ओढले जातात. चिखलात पाय नाचवले की आणखी भोवरे. शिवाय चोच सेकंदाला साधारण १२ वेळा उघडझाप करते आणि त्या ओढीनं पाण्यातले जीव चोचीकडे येतात. म्हणजे हा पक्षी आयतं गाळत बसत नाही. तो आधी पाणी ढवळून, फिरवून सावजाला गोळा करतो आणि मग गाळतो. आम्ही बघत होतो ते पाय आपटणं म्हणजे नाच नव्हता. ती शिकार होती.

"मला वाटलं, थंडीनं पाय झाडतोय," आत्या म्हणाली.

आता गुलाबी रंग. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं, गुलाबीचा मागमूसही नाही. गाजराला केशरी रंग ज्या कुळातल्या रंगद्रव्यांमुळे येतो, त्याच कुळातली, म्हणजे कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यं शेवाळात आणि त्यावर जगणाऱ्या बारीक कोळंबीवर्गीय जिवांत असतात. ते खाऊन खाऊन पिसांना रंग चढतो, आणि पुरता चढायला काही वर्षं लागतात. प्राणिसंग्रहालयात असा खाऊ मिळाला नाही तर गुलाबी फ्लेमिंगो फिके पडतात.

यातली खरी मजा पुढे आहे. आपल्याकडे भिगवणला येतात त्या मोठ्या फ्लेमिंगोवर स्पेनमधल्या संशोधकांनी काम केलं. त्यांना दिसलं की शेपटीच्या मुळाशी जी तेलाची ग्रंथी असते, तिच्या तेलातही ही रंगद्रव्यं असतात. जोडीदार शोधायचे दिवस आले की फ्लेमिंगो हे तेल गालानं मानेच्या, छातीच्या पिसांना घासून घासून लावतात आणि जास्त गुलाबी दिसतात. पिल्लं झाली की हा थाट कमी होतो, रंग उतरतो. नटणं म्हणतात ते हेच! आत्याला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की दादांनी मागे वळून बघितलं.

यांची घरं कुठे? भारतातली मोठी वसाहत गुजरातमध्ये, कच्छच्या रणात. तिथे उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाचे छोटे उंचवटे रचून त्यावर एकच अंडं घालतात. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली १९४५ साली ही वसाहत बघायला गेले होते. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आई आणि बाबा दोघंही त्याला घशातून स्रवणारं दूध पाजतात. हे दूध लाल असतं. आई-बाबा स्वतःमधलं रंगद्रव्य त्यात उतरवतात, त्यामुळे त्या दिवसांत तेच फिके पडतात.

एव्हाना आमचा फ्लेमिंगो जेवून उभा राहिला होता. एका पायावर, अर्थात. हा प्रश्न तुम्हीही विचारला असता: दमत नाही का? २०१७ साली यंग-हुई चँग आणि लीना टिंग या दोन शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी आधीच मेलेले फ्लेमिंगो घेतले आणि बघितलं, तर नीट धरल्यावर मेलेला पक्षीसुद्धा एका पायावर स्थिर राहत होता! दोन पायांवर मात्र नाही. म्हणजे एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंची ताकद जवळजवळ खर्चावी लागत नाही. शरीराचं वजनच सांध्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. आपल्याला एका पायावर उभं करणं ही शिक्षा. त्याचा तो आराम.

तेवढ्यात दुसरी एक होडी आली. कुणीतरी मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून उभं होतं आणि आपल्या नावाड्याला "थोडं पुढे घे, उडव ना त्यांना" असं सांगत होतं. फ्लेमिंगो उडाला की पंखांखालचा लाल आणि काळा रंग दिसतो, फोटो झकास येतो. तो नावाडी शहाणा होता. "न्हाय साहेब," म्हणाला, आणि वल्हं मांडीवर ठेवून बसून राहिला. मला तो फार आवडला. विचार करा, गाळून गाळून पोट भरायचं म्हणजे तासन्‌तास काम. त्यात कुणी तासाला दोनदा उडवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जिरणार. आपण काठाशी गप्प बसलो तर ते आपोआप उडतात, आणि त्यांना वाटेल तेव्हा उडतात. तेव्हाचा फोटो काढा की!

परत काठाकडे येताना बदकांची गर्दी लागली. थापट्या बदकं चपटी, रुंद चोच पाण्यावर टेकवून एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत होती. फिरण्यानं खालचा खाऊ वर येतो आणि पुढच्यानं ढवळलेलं मागच्याला मिळतं. ही पाहुणी मंडळी, दूर उत्तरेकडून येतात. त्यांच्या शेजारी एक जोडी आपली, इथलीच, बारा महिने राहणारी. काळी चोच, टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका. या बदकाचं नावच हळदी-कुंकू. आत्याला नावात कधी नव्हे तो रस वाटला. "संक्रांतीच्या महिन्यात बरी भेटलीस," म्हणाली त्या बदकाला. यादीत हे एक नाव तिनं स्वतःहून लिहायला लावलं.

दुपारी गावात एका घरी जेवलो. चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, कांदा. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला भूक लागेल.

दुपारनंतर मी आत्याला काठच्या हिरव्या गवताकडे नेलं. तिथे माझा लाडका पक्षी बसतो. दिसायला साधा. फिकट राखाडी, कोंबडीपेक्षा बराच मोठा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. पट्टकादंब, म्हणजे पट्टेरी डोक्याचा हंस. फ्लेमिंगोसाठी आलेली माणसं याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"काय करतोय?"

"चरतोय."

खरंच, तो गवत उपटून खात होता. बराच वेळ दुसरं काहीच केलं नाही त्यानं. आत्या कंटाळली. मग मी तिला सांगितलं, की हा इथे चरायला हिमालय ओलांडून आलाय.

हे हंस उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलिया इकडच्या उंच तळ्यांकाठी घरटी करतात. तिकडे पाणी गोठायला लागलं की भारतात उतरतात. मंगोलियात गळ्यात खुणेचे पट्टे अडकवलेले हंस भारतातल्या तळ्यांवर दिसले आहेत, त्यामुळे हे अंदाजपंचे नाही. काहींच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा एक हंस ७२९० मीटर उंचीवर सापडला. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. म्हणजे एकावर एक चार कळसूबाई ठेवा आणि वर जवळजवळ अर्धं! तिथली हवा इतकी विरळ, की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय हवा विरळ असली की पंखांना रेटायला काही मिळत नाही, जास्त जोर लावावा लागतो. प्राणवायू कमी आणि मेहनत जास्त. माणूस तिथे पाठीवर पिशवी घेऊन चार पावलं टाकतो आणि धापा टाकत उभा राहतो. दोन-तीन किलोचा हा हंस तिथून पंख मारत जातो.

कसं जमतं? एक तर त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन थोडं निराळं असतं, विरळ हवेतलाही प्राणवायू पटकन पकडतं. फुप्फुसं अंगाच्या मानानं मोठी. उडण्याच्या स्नायूंत रक्ताच्या केसाहूनही बारीक नळ्यांचं जाळं दाट, म्हणजे पकडलेला प्राणवायू हवा तिथे लगेच पोहोचतो. हे झालं शरीराचं. पण मला याहून आवडते ती त्याची अक्कल. हे हंस बऱ्याचदा रात्री आणि पहाटे उडतात, कारण थंड हवा दाट असते. आणि एकदा उंची गाठली की तिथेच टिकून सरळ जावं, हा आपला हिशोब. त्यांचा तसा नाही. काही हंसांच्या पोटात बारीक यंत्रं बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल नोंदवली. २०१५ साली छापलेल्या या अभ्यासात दिसलं, की हंस डोंगराच्या चढउतारांना धरून उडतात. दरी आली की खाली उतरतात, शिखर आलं की पुन्हा चढतात. कमावलेली उंची घालवायची आणि परत कमवायची, हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण फार वरच्या विरळ हवेत तासन्‌तास पंख मारण्यापेक्षा हेच स्वस्त पडतं.

आत्यानं दुर्बीण परत डोळ्यांना लावली. हंस अजून चरतच होता. पण आता ती कंटाळली नाही. "चरू दे," म्हणाली, "परत जायचंय त्याला."

परतीच्या वाटेवर दादांनी वर बोट दाखवलं. "ते बगा, कैकर." इंग्रजीत ऑस्प्रे म्हणतात तो हा, जवळजवळ फक्त मासेच खाणारा शिकारी पक्षी. पायांत मासा धरून चालला होता. आत्याची नजर पोस्टातली, पत्ता उलटा लिहिलेला असला तरी तिला दिसायचा. "अरे, मासा आडवा का नाही धरला? डोकं पुढे करून धरलाय." बरोबर होतं तिचं. आडवा मासा वाऱ्याला अडतो, म्हणून कैकर उडता उडता त्याला फिरवून डोकं पुढे करून घेतो. निसटू नये म्हणून त्याच्या तळव्यांना खरखरीत काटे असतात आणि पायाचं बाहेरचं बोट त्याला मागे वळवता येतं. पुढे दोन, मागे दोन बोटं झाली की पकड पक्की. मासा हातातून कसा सटकतो, हे दादांइतकं कुणाला माहीत असणार? ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

सूर्य कलला तेव्हा ज्वारीच्या शेतांवर भोरड्या आल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पळसमैना म्हणतात त्या याच. मध्य आशियातून पावसाळ्याच्या अखेरीस येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कणसं भरली की त्यांचे थवे पिकावर तुटून पडतात आणि शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. त्याचा राग रास्त आहे. पण हेच पक्षी घरटी करतात तिकडे टोळ खाऊन फस्त करतात. चीनच्या शिंजियांग भागात तर त्यांनी येऊन राहावं म्हणून माणसं मुद्दाम दगडांची घरटी बांधून देतात. पक्षी तोच. ऋतू बदलला की खाणं बदलतं, आणि आपलं त्याच्याबद्दलचं मतही.

रात्री झोपायच्या जागेवर उतरण्याआधी या भोरड्या आकाशात कवायत करतात. शेकडो, कधी हजारो पक्षी एकदम डावीकडे वळतात, आकसतात, पसरतात, आणि कुणी कुणावर आपटत नाही. पुढारी कोण? कुणीच नाही. भोरड्यांच्या युरोपातल्या चुलत भावंडांचे थवे रोम शहरावर असेच फिरतात. तिथे शास्त्रज्ञांनी एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी फोटो घेऊन प्रत्येक पक्षी नेमका कुठे आहे ते मोजलं. २००८ साली त्यांनी सांगितलं, की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या फक्त सहा-सात पक्ष्यांवर लक्ष ठेवतो. ते वळले की तो वळतो. बाकीच्या हजारांचं त्याला काही पडलेलं नसतं. शाळेच्या मैदानावर हे करून बघण्यासारखं आहे. वर्गातल्या सगळ्यांनी मनात सहा जण ठरवायचे, कोण ते सांगायचं नाही, आणि धावायला सुरुवात करायची. सरांना आधी विचारा मात्र.

असं काही बघायला भिगवणलाच यायला हवं असं नाही. नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, पैठणला जायकवाडी आहे, मुंबई-ठाण्याच्या मुलांना तर खाडीतच फ्लेमिंगो मिळतात. यातलं काहीच जवळ नसेल तर गावच्या तळ्यावर बदकं तरी असतातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, मोठं माणूस बरोबर, आणि अंगात भडक कपडे नकोत. दुर्बीण नसली तरी चालतं. वही मात्र हवी.

निघता निघता आत्यानं शेवटचा प्रश्न काढला. "एवढी बदकं उघड्यावर झोपणार. कोल्हा आला, कुत्रं आलं, तर?"

याचं उत्तर ऐकून मी स्वतः पहिल्यांदा थक्क झालो होतो. बदक अर्धं झोपू शकतं. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो, आणि जाग्या अर्ध्याचा डोळा उघडा असतो. १९९९ साली शास्त्रज्ञांनी मॅलार्ड जातीच्या बदकांना रांगेत झोपवून त्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून निवांत झोपली. कडेची बदकं मात्र खूपदा एक डोळा उघडा ठेवून झोपली, आणि तो डोळा बाहेरच्या बाजूचा, जिकडून धोका येऊ शकतो तिकडचा.

आत्या विचारात पडली. "मग कडेला कुणी झोपायचं, हे कोण ठरवतं? रोज भांडणं होत असतील."

मी म्हटलं, तेवढं आपण पुढच्या वेळी बघू. तिनं "हूं" केलं, शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळली आणि कुरकुंभ यायच्या आत दोन्ही डोळे मिटून गाढ झोपली. तिला काय, कडेला मी होतोच. समोर उसाची ट्रॉली, मागे ट्रकचा भोंगा, आणि पुणं अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर.